म्हाताऱ्या, आजारी जनावराचा अखेरचा निर्णय

शेतकऱ्याच्या कुटुंबात माणसांबरोबर जनावरांचीही गणना होते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण, वेंगुर्ले, देवगड या किनारपट्टीच्या तालुक्यांत तर ही गोष्ट घरोघरी दिसते. जोताचा बैल, घरच्या दुधापुरती गाय आणि माडाच्या बागेत वानरांवर भुंकणारा कुत्रा ही त्या घरचीच माणसे मानली जातात. बलिप्रतिपदेला गोठ्यातील गुरांना आंघोळ घालून, फुलांच्या माळा घालून ओवाळण्यात येते. कुत्र्याच्या वाट्याला तसा सण नसला, तरी सकाळच्या पेजेतील व दुपारच्या माशातील वाटा त्याला बहुधा चुकत नाही.

परंतु माणसाच्या मानाने जनावराचे आयुष्य लहान असते. कुत्रा साधारणतः दहा ते तेरा वर्षांत म्हातारा होतो. बैलाची कामाची उमेद बारा-चौदा वर्षांच्या पुढे सहसा टिकत नाही. मात्र नीट सांभाळल्यास तो त्यानंतरही काही वर्षे जगतो. पुष्कळ भाताच्या कुणग्यांत आता चिखलणी पॉवर टिलरने होते, त्यामुळे थकलेला बैल गोठ्यात नुसता उभा राहिलेला दिसतो. अशा जनावरास असाध्य दुखणे जडले म्हणजे घरात एक अवघड प्रश्न उभा राहतो. उपचार कोठवर करावयाचे? जनावर सुटत नाही आणि बरेही होत नाही, अशा स्थितीत त्याच्या यातना संपविणे हे पाप की कर्तव्य?

या प्रश्नाची चर्चा उघडपणे फारशी होत नाही. परिणामी दोन प्रकारच्या चुका घडतात. काही ठिकाणी बऱ्या होणाऱ्या जनावराची आशा वेळेपूर्वीच सोडली जाते. काही ठिकाणी खरोखर असाध्य झालेले जनावर, मन होत नाही म्हणून, जखमा व किडे पडेपर्यंत तसेच पडून राहते. दोन्हींच्या मुळाशी माया असली तरी दोन्हींत दुःख जनावरच भोगते. म्हणून या निर्णयाची रीत पशुपालकांनी व गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

साबरमतीचे वासरू

या प्रश्नावर आपल्या देशात झालेली सर्वांत प्रसिद्ध चर्चा १९२८ सालची आहे. साबरमती येथील सत्याग्रह आश्रमात एक वासरू जायबंदी होऊन पडले. शक्य ते सर्व उपचार व शुश्रूषा करण्यात आली. तपासणाऱ्या तज्ज्ञाने आशा नसल्याचे सांगितले. वासराला कूस पालटतानाही असह्य वेदना होत. गांधीजींनी आश्रमातील सहकाऱ्यांशी विचारविनिमय केला. जो जीव आपण निर्माण करू शकत नाही तो घेण्याचा आपणांस अधिकार नाही, असा आक्षेप एका सहकाऱ्याने घेतला. या आक्षेपाचा विचार करूनही गांधीजींचा निश्चय कायम राहिला. त्यांनी डॉक्टरांस बोलावून स्वतःच्या उपस्थितीत वासरास विषाचे इंजेक्शन देवविले. दोन मिनिटांच्या आत सर्व संपले.

गोपूजक देशात अहिंसेच्या पुरस्कर्त्याने हे करावे, यावर मोठा गहजब झाला. गांधीजींनी त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ‘नवजीवन’ व ‘यंग इंडिया’ या आपल्या पत्रांतून या कृत्याची जाहीर मीमांसा केली. त्यांच्या विवेचनाचा मथितार्थ असा की, रागाने किंवा स्वार्थाने एखाद्या जीवास दुखविणे अथवा मारणे ही हिंसा होय. शल्यवैद्य रोग्याच्या हितासाठी शस्त्र चालवितो तेव्हा तो हिंसा करीत नाही. त्याचप्रमाणे दुसरा कोणताही उपाय उरला नसता केवळ त्या जीवाच्या यातना थांबविण्यासाठी केलेले कृत्य हिंसा ठरत नाही.

हा विचार सर्वांनीच मान्य केला असे नाही, आणि आजही सर्वांना तो पटेल असे नाही. तथापि त्या प्रसंगात निर्णयाची जी पद्धत दिसते, ती कोणत्याही मताच्या शेतकऱ्यास उपयोगी पडण्यासारखी आहे. आधी सर्व उपचार झाले. मग जाणकाराचे मत घेतले गेले. जवळच्या माणसांशी बोलणे झाले, विरोधी मतही ऐकले गेले. हेतू तपासला गेला. शेवटी काम जाणत्या हातून व कमीत कमी त्रासाने झाले. आश्रमातील वासरू असो, मालवणातील बैल असो वा दारातील कुत्रा असो, क्रम हाच असावयास हवा.

म्हातारपण म्हणजे रोग नव्हे

पहिली गोष्ट लक्षात ठेवावयाची ती ही, की वय झाले एवढ्या कारणाने कोणतेही जनावर दयामरणास पात्र होत नाही. कुत्र्याच्या डोळ्यांत पांढुरकेपणा आला, ऐकू कमी येऊ लागले, पायऱ्या चढताना तो थांबू लागला, ही म्हातारपणाची लक्षणे होत. आंधळा कुत्रा घरातील वस्तूंची जागा बदलली नाही तर वर्षानुवर्षे सुखाने वावरतो. दात झिजलेल्या बैलास बारीक चिरलेला हिरवा चारा व भिजविलेला कोंडा दिला तर तो अंगावर मांस धरून राहतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. अखेर आली असे वाटावे, परंतु वस्तुतः उपचार साध्य असावा, अशी दुखणी पुष्कळ आहेत. त्यांपैकी नेहमी आढळणारी पुढीलप्रमाणे आहेत :

१. व्यालेली गाय एक-दोन दिवसांत आडवी पडते, मान कुशीकडे वळवून निपचित राहते, कान थंड लागतात. हा दुग्धज्वर असू शकतो. रक्तातील कॅल्शियम कमी झाल्याने तो होतो. पशुवैद्याने वेळीच शिरेतून कॅल्शियम दिले तर मरणोन्मुख वाटणारी गाय पुष्कळदा काही तासांत उठून उभी राहते.

२. कुत्रा अन्न टाकतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, ताप येतो, नाकातून रक्त येते. गोचिडांमुळे होणाऱ्या तापात असे घडते. रक्ततपासणी करून योग्य औषध लवकर सुरू केले तर बहुतेक कुत्री बरी होतात.

३. वयस्क कुत्री माजावर येऊन गेल्यानंतर काही आठवड्यांत खूप पाणी पिऊ लागते, पोट फुगते, कधी मागून पू येतो. गर्भाशयात पू साठल्याचे हे लक्षण होय. विलंब केल्यास प्राण जातो. वेळीच शस्त्रक्रिया केल्यास कुत्री वाचते.

४. पावसाळ्यात जखमेत किडे पडतात. दुर्गंधी व खोल पोकळी पाहून घरचे लोक घाबरतात. परंतु किडे काढून, जखम धुऊन, रोज मलमपट्टी केली तर भयंकर दिसणारी जखमही भरून येते.

५. बैलाचे एक शिंग हलू लागते, तो डोके तिरके धरतो, शिंगाच्या मुळाशी किंवा त्या बाजूच्या नाकपुडीतून स्राव येतो. हा शिंगाचा कर्करोग असू शकतो. आरंभीच शिंग काढून टाकल्यास पुष्कळ बैल वाचतात. शिंग गळून पडेपर्यंत वाट पाहिल्यास मात्र रोग आत पसरतो.

यास्तव पशुवैद्याने तपासल्यावाचून ‘आता काही उरले नाही’ असे कोणीही ठरवू नये. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जनावर नेणे शक्य नसेल तर १९६२ या विनाशुल्क क्रमांकावर फिरत्या पशुचिकित्सा पथकाची मागणी नोंदविता येते.

मुक्या जनावराची वेदना ओळखावी कशी

माणूस कोठे दुखते ते सांगतो. जनावर सांगत नाही. इतकेच नव्हे, तर गाय-बैल हे मुळात वाघ-बिबट्याचे भक्ष्य. कळपात दुबळे दिसणारे जनावर प्रथम मारले जाते, म्हणून वेदना लपविणे हा त्यांचा स्वभावच झालेला आहे. गुरू कण्हू लागले म्हणजे वेदना नुकती सुरू झाली असे न समजता ती बरीच वाढली आहे असे समजावे.

गुरांत पाहावयाच्या खुणा अशा : रवंथ थांबणे, दात खाणे, पाठीची कमान करून उभे राहणे, कळपापासून दूर राहणे, डोळे खोल जाणे, उठताना वारंवार प्रयत्न करून पुन्हा बसणे. कुत्र्यात : बसल्या जागी, ऊन वा श्रम नसताना धापा टाकणे, रात्रभर जागा बदलीत राहणे, एकच जागा सतत चाटणे, हात लावताच, पूर्वी कधी केले नसता, गुरगुरणे, मांगरात किंवा लाकडांच्या ढिगामागे जाऊन एकटे पडून राहणे. मांजरात : अंग चाटून स्वच्छ ठेवणे बंद होणे व अंधारात लपून बसणे. ‘तो ओरडत नाही, म्हणजे त्याला त्रास नाही’ असे घरोघरी म्हटले जाते. ही समजूत चुकीची आहे.

वेदना कमी करण्यासाठी माणसांच्या गोळ्या जनावरास देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एखादी गोळीही मांजरास मारक ठरू शकते. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात व मूत्रपिंडे बिघडतात. गुरांसाठी डायक्लोफेनॅकच्या वापरास २००६ साली आणि किटोप्रोफेन व असिक्लोफेनॅक यांच्या वापरास २०२३ साली बंदी झाली. कारण ही औषधे दिलेल्या गुराचे मांस खाऊन गिधाडे मरतात. गुरांसाठी मेलॉक्सिकॅमसारखी सुरक्षित वेदनाशामके उपलब्ध आहेत. ती पशुवैद्याच्या सल्ल्याने द्यावीत.

मोजमाप केल्याने मन स्थिर होते

रोज डोळ्यांसमोर असलेले जनावर हळूहळू खालावत असता घरच्या माणसास ते जाणवत नाही. मुंबईहून गणपतीसाठी आलेला मुलगा पाहताच म्हणतो, ‘हा एवढा कसा वाळला?’ तेव्हा घरचे चकित होतात. ही अडचण ओळखून अमेरिकेतील पशुवैद्यक ॲलिस व्हिलालोबोस यांनी कुत्र्या-मांजरांसाठी एक साधी मोजपट्टी तयार केली. तीत सात बाबी आहेत : वेदना व श्वास, खाणे, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत काय. प्रत्येक बाबीस शून्य ते दहा गुण द्यावयाचे. दहा म्हणजे उत्तम. एकूण सत्तरपैकी पस्तिसाहून अधिक गुण असतील तर शुश्रूषा चालू ठेवण्यास अर्थ आहे असे मानावयाचे.

शेतकऱ्यास याहून सोपी रीत हवी असेल तर ती अशी. जनावर धडधाकट असताना त्याच्या आवडीच्या तीन गोष्टी कोणत्या होत्या, त्या घरातील सर्वांनी मिळून आठवाव्यात. कुत्र्याच्या बाबतीत, मुले शाळेतून येताना बेड्यापर्यंत धावत जाणे, माशाचे डोके मिळताच शेपूट हलविणे, वानर दिसताच बागेत झेप घेणे, अशा त्या असू शकतील. बैलाच्या बाबतीत, गोठ्याचे दार उघडताच बाहेर पडण्याची धडपड, पेंढ्यावर तुटून पडणे, जोडीच्या बैलास चाटणे. मग भिंतीवरच्या कालदर्शिकेवर रोज संध्याकाळी खूण करावी. या तीन गोष्टींपैकी दोन घडल्या तर चांगला दिवस. एकही घडली नाही, किंवा वेदनेची वर सांगितलेली खूण दिसली, तर वाईट दिवस. एरवी दिवस मधला समजून खूण करू नये. दोन आठवड्यांच्या खुणा एकत्र पाहिल्या म्हणजे मनाची दोलायमान स्थिती पुष्कळशी थांबते. औषधे चालू असूनही वाईट दिवसांची संख्या चांगल्या दिवसांहून वाढत चालली, तर पशुवैद्याशी स्पष्ट बोलण्याची वेळ आली असे समजावे.

गुरांसाठी आणखी तीन प्रश्न विचारावेत. जनावर स्वतःच्या पायांवर उठू शकते काय? रवंथ करते काय? आधार दिला व कूस बदलली तरी अंगावर नवे व्रण पडतच आहेत काय? पहिल्या दोहोंचे उत्तर ‘नाही’ आणि तिसऱ्याचे ‘होय’ असे आले, व उपचारांनी ते बदलत नसले, तर आशा फार थोडी उरते.

खर्चाचा प्रश्न

या निर्णयात पैशाचा विचार करणे म्हणजे निर्दयपणा, असे मानण्याचे कारण नाही. ज्या घराचे उत्पन्न भाताच्या चार कुणग्यांवर, थोड्या काजूवर वा मासेमारीवर अवलंबून आहे, त्या घरास महिनोन्महिने महाग औषधे परवडणार नाहीत. पशुवैद्यास हे संकोच न करता सांगावे. स्वस्त परंतु उपयुक्त उपचार कोणता, केवळ वेदना कमी ठेवण्यास किती खर्च येईल, बरे होण्याची शक्यता किती, हे तीन प्रश्न विचारावेत.

मात्र सीमारेषा स्पष्ट असावी. दुखण्याचा उपचार निवडताना खर्चाचा विचार योग्य. केवळ निरुपयोगी झाले म्हणून जनावरापासून सुटका करून घेणे अयोग्य. साबरमतीच्या प्रसंगात हेतू तपासला गेला तो याच ठिकाणी. ‘हे मी कोणाच्या सुखासाठी करीत आहे?’ या प्रश्नाचे उत्तर ‘जनावराच्या’ असे प्रामाणिकपणे देता येत नसेल, तर निर्णय पुढे ढकलावा.

याच ओघात एका वाईट प्रथेचा उल्लेख करणे आवश्यक आहे. थकलेले गुरू रात्री महामार्गावर सोडून देणे, किंवा म्हातारा कुत्रा दूरच्या किनाऱ्यावर वा मासळीबाजारात सोडून येणे, यास काहीजण ‘देवाच्या भरवशावर सोडले’ असे म्हणतात. असे जनावर उपासमारीने, वाहनाखाली किंवा बिबट्याच्या तोंडी मरते. भूक-तहानेने हाल होतील अशा रीतीने जनावर सोडून देणे हा १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमाच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. सांभाळणे अशक्यच असेल तर गोशाळा किंवा पांजरपोळाशी संपर्क साधावा.

कायदा काय सांगतो

कुत्रा-मांजर आणि गाय-बैल यांच्या बाबतीत मार्ग वेगवेगळे आहेत, हे नीट समजून घ्यावे.

पाळीव कुत्रा किंवा मांजर असाध्य व वेदनामय आजाराने पिडलेले असता मालकाच्या लेखी संमतीने पशुवैद्याकडून त्यास दयामरण देता येते. भटक्या कुत्र्यांसंबंधी २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम लागू आहेत. पशुवैद्याच्या निदानाप्रमाणे जो कुत्रा असाध्य आजारी किंवा प्राणघातक जखमी असेल त्यालाच, आणि वेदनारहित पद्धतीने, मरण देता येते. गावकऱ्यांनी परस्पर काही करावयाचे नसते.

गाय, वळू व बैल यांच्या कत्तलीस महाराष्ट्रात बंदी आहे. १९७६ च्या पशुसंरक्षण अधिनियमात २०१५ साली दुरुस्ती होऊन वळू व बैल यांचाही त्यात समावेश झाला. त्यामुळे या जनावरांबाबत मालकाने स्वतःच्या विचाराने कोणतेही पाऊल उचलू नये. शासकीय पशुवैद्यास बोलावून जनावर दाखवावे, त्याचे लेखी मत घ्यावे व तो सांगेल त्याच मार्गाने जावे. अतिशय जखमी किंवा रोगजर्जर जनावरासंबंधी १९६० च्या अधिनियमाच्या कलम १३ मध्ये तरतूद आहे : मालक हजर नसेल किंवा संमती देत नसेल, आणि जनावर जिवंत ठेवणे क्रूरपणाचे होईल असे पशुवैद्यकीय अधिकाऱ्याने प्रमाणित केले, तर शिपायाहून वरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश घेऊन त्याच्या यातना संपवू शकतो. अपघातात सापडलेल्या बेवारस गुराबाबत गावपातळीवरील कार्यकर्त्यास ही तरतूद ठाऊक असावी.

गुळातून कीटकनाशक घालणे, बुडविणे, डोक्यात घाव घालणे हे प्रकार अत्यंत क्रूर आहेत. स्ट्रिकनीनसारख्या विषाने अथवा अन्य अकारण क्रूर रीतीने जनावर मारणे हा वर सांगितलेल्या अधिनियमाप्रमाणे गुन्हाच आहे.

पिसाळलेल्या कुत्र्याची गोष्ट निराळी

कुत्र्याचा स्वभाव एकाएकी बदलला, आवाज घोगरा झाला, जबडा लोंबू लागला, लाळ गळू लागली, तर रेबीजचा संशय घ्यावा. येथे मायेने जवळ जाऊ नये. माणसे व इतर जनावरे दूर ठेवून पशुवैद्यास कळवावे. डोक्यावर काठ्या मारून कुत्रा ठार केल्यास रोगाची खात्री करणे अवघड होते. कारण तपासणी मेंदूची करावी लागते. कोणास चावा किंवा ओरखडा बसला असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात लस घ्यावी. याउलट, निरोगी दिसणारा ओळखीचा कुत्रा चावला म्हणून त्यास लगेच मारू नये. तो बांधून दहा दिवस नजरेखाली ठेवावा; लस मात्र त्या दिवसांसाठी थांबवू नये.

अखेरचा दिवस

निर्णय ठरला म्हणजे तो अपरिहार्य तेवढाच लांबवावा. शक्य असेल तर पशुवैद्यास घरी बोलवावे, म्हणजे कुत्र्यास अनोळखी जागेचे भय वाटत नाही. ओळखीचे माणूस डोक्याशी बसावे. प्रथम गुंगीचे औषध दिले जाते. जनावर झोपी गेल्यावर भूल देणाऱ्या औषधाची मोठी मात्रा शिरेतून दिली जाते व काही मिनिटांत हृदय थांबते. त्यानंतर एखादा दीर्घ श्वास दिसणे, स्नायू थरथरणे, लघवी होणे व डोळे उघडेच राहणे या गोष्टी घडू शकतात. त्या वेदनेच्या खुणा नव्हेत. हे आधी ठाऊक असले तर घरची माणसे घाबरत नाहीत. हृदय थांबल्याची व डोळ्याची पापणी स्पर्शाने मिटत नसल्याची खात्री पशुवैद्य करून घेतो. तोवर पुरण्याची घाई करू नये.

घरातील मुलांना खरे सांगावे. ‘तो पळून गेला’ असे सांगितल्यास मूल कित्येक दिवस वाटेकडे डोळे लावून बसते. ‘तो फार आजारी होता, बरा होणार नव्हता, म्हणून डॉक्टरांनी त्याचे दुःख थांबविले’ एवढे साधे उत्तर मुलास समजते.

मृत देहाची व्यवस्था काळजीपूर्वक करावी. सिंधुदुर्गातील जांभा दगड सच्छिद्र असून किनाऱ्यालगतच्या वाळूत पाणी फार खोल नसते. यामुळे विहिरीच्या वरच्या अंगास किंवा जवळ पुरलेल्या देहातील घाण झिरपून पाण्यात उतरण्याचा धोका असतो. खड्डा विहीर व व्हाळ यांपासून पुष्कळ दूर, उतारावर विहिरीच्या खालच्या बाजूस व पाणी न लागणाऱ्या उंच जागी खणावा. गुरासाठी तो सहा फुटांपर्यंत खोल असावा. तळाशी व देहावर चुना टाकून माती घट्ट दाबावी. देह व्हाळात, खाडीत किंवा समुद्रात टाकू नये. दयामरणाच्या औषधाचा अंश देहात राहतो. तो देह उघड्यावर पडला तर कोल्हे, घारी व कुत्री ते मांस खाऊन मरू शकतात.

ज्यांचे मन तयार होत नाही त्यांच्यासाठी

काही कुटुंबे कोणत्याही परिस्थितीत जीव घेण्यास तयार होणार नाहीत. त्यांच्या श्रद्धेचा आदर राखावयास हवा. कार्यकर्त्याने त्यांच्यावर दडपण आणू नये. परंतु ‘आम्ही मारणार नाही’ असे म्हणणाऱ्या घराने शुश्रूषेची पूर्ण जबाबदारी पत्करली पाहिजे. आडव्या पडलेल्या गुरास जाड पेंढ्यावर किंवा मऊ वाळूवर ठेवावे. दर तीन-चार तासांनी, रात्रीदेखील, कूस बदलावी. व्रण रोज धुवावेत, माशा बसू देऊ नयेत, पाणी तोंडाशी न्यावे. पशुवैद्याने दिलेले वेदनाशामक वेळेवर द्यावे. पडलेल्या कुत्र्याचे अंग कोरडे ठेवावे व त्याच्या अंथरुणाची घडी रोज बदलावी. एवढे करणे जमत नसेल, तर जनावरास जिवंत ठेवण्यात आपण त्याचा विचार करीत आहोत की स्वतःच्या मनाच्या समाधानाचा, हा प्रश्न त्या घरानेही स्वतःस विचारला पाहिजे.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने अशा घरी जाताना निर्णय घेऊन जाऊ नये. जनावर दाखविले आहे काय, औषध दिले जाते काय, कालदर्शिकेवरील खुणा काय सांगतात, घरातील वडीलधाऱ्यांचे मत काय, हे विचारावे, पशुवैद्याची भेट घडवून आणावी व मग कुटुंबास एकांत द्यावा. बैलाने बारा पावसाळे नांगर ओढला किंवा कुत्र्याने बारा वर्षे वाडी राखली, त्याचे ऋण त्याच्या अखेरच्या आठवड्यातही बाकीच असते. ते पुरी शुश्रूषा करून फेडता येते, किंवा योग्य वेळी शांत मरण देऊन फेडता येते. जनावराकडे पाठ फिरवून मात्र ते फिटत नाही.